जुन्या गाडीचा शॉकप मऊ पडलाय? दाट ऑइल टाकण्याआधी टेप घ्या

पावसाळा ओसरला की नाशिकच्या कुठल्याही गॅरेजात एक संवाद हमखास कानावर पडतो. गाडीवाला म्हणतो, "ब्रेक मारला की पुढून पार खाली बसते हो." मेकॅनिक हँडल धरून दोनदा दाबतो आणि सांगतो, "शॉकप मऊ झालेत. दाट ऑइल टाकून देतो." सध्या २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्त्यांची कामं चालली आहेत. खडी, खड्डे आणि अर्धवट बुजवलेले चर यांतूनच रोजची ये-जा आहे, त्यामुळे ही तक्रार वाढणारच.

माझ्याकडे वडिलांची १९९६ सालची शंभर सीसीची गाडी आहे. दोन वर्षांपूर्वी मीही असंच दाट ऑइल टाकून घेतलं. आठवडाभर बरं वाटलं, कारण हाताने दाबलं की पुढचा भाग घट्ट लागायचा. मग एका रविवारी त्र्यंबकला गेलो. रस्त्यावरच्या ओळीने मारलेल्या पट्ट्यांवरून जाताना मनगटं बधिर झाली. परतताना पपया नर्सरीच्या अलीकडे एक रिक्षा अचानक आडवी आली, ब्रेक दाबला, आणि गाडी पूर्वीइतकीच खाली बसली. फरक एवढाच, की जरा सावकाश बसली. म्हणजे आराम गेला आणि मूळ दुखणं जागच्या जागी राहिलं.

आमच्या शेजारी एक काका राहतात. सातपूर एमआयडीसीत त्यांनी तीस वर्षं लेथ चालवला. ते गाडी बघायला आले तेव्हा त्यांच्या हातात पाना नव्हता, टेप होती. "आधी मोज," म्हणाले. त्या दिवसापासून जे समजलं, ते इथे सांगतो. "मऊ" हा एकच आजार नाही. शॉकपमध्ये वजन पेलणारा वेगळा, वेग आवरणारा वेगळा आणि शेवटचा दणका अडवणारा वेगळा. एकाचं काम दुसऱ्यावर टाकलं की गाडी बिघडते.

शॉकपच्या पोटात काय असतं

पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना जे दोन पाय दिसतात, त्यांना पुस्तकात टेलिस्कोपिक फोर्क म्हणतात आणि गॅरेजात शॉकप. प्रत्येक पायात एक चकचकीत पाइप असतो आणि तो खालच्या जाड नळीत, म्हणजे बॉटममध्ये, वरखाली सरकतो. पाइपच्या आत एक लांब स्प्रिंग, खाली तेल आणि तेलाच्या वर हवा. तळाशी भोकं पाडलेली एक दांडी असते. शॉकप दबतो तेव्हा तेलाला त्या भोकांतून वाट काढावी लागते. तेल बाहेर येऊ नये म्हणून पाइप आणि बॉटम यांच्या सांध्यावर रबराची ऑइल सील असते.

एवढंच. जुन्या गाड्यांच्या शॉकपला फिरवायला बटण नसतं, कंपनीने बसवलं तेच आयुष्यभर. म्हणून पुष्कळांना वाटतं की यात जुळवण्यासारखं काही नाही. खरं तर स्प्रिंगवरची नळी, तेलाचा दाटपणा आणि तेलाची पातळी या तिन्ही गोष्टी बदलता येतात.

स्प्रिंग वजन धरते, तेल वेग धरतं

हे एवढं डोक्यात बसलं की बाकी सगळं आपोआप सुटतं, म्हणून इथे जरा थांबू.

भाजीवाल्याचा स्प्रिंगचा काटा आठवा. दोन किलो टांगले की तो अमुक खाली येतो, चार टांगले की दुप्पट. काटा दिवसभर तसाच टांगून ठेवला तरी आकडा बदलत नाही. स्प्रिंगला वेळेशी देणंघेणं नाही, फक्त वजनाशी आहे. गाडी उभी असताना तुमचं आणि गाडीचं वजन ती एकटी तोलत असते. आतलं तेल पाण्यासारखं पातळ असो की काकवीसारखं दाट, गाडी उभी असताना तेवढीच बसणार.

तेलाचं उलट आहे. ते हललं तरच विरोध करतं. नाशिककरांना हे रंगपंचमीच्या रहाडीवरून, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या जुन्या हौदावरून, चटकन कळेल. तिवंधा चौकातल्या किंवा शनि चौकातल्या रहाडीत पायरी पायरीने उतरलात तर पाणी तुम्हाला अडवत नाही. पण काठावरून आडवा धप्पा मारा, तेच पाणी फरशीसारखं लागतं. पाणी बदललेलं नसतं, तुमचा वेग बदललेला असतो. भोकांतून जोरात ढकललेल्या तेलाचंही असंच आहे. वेग दुप्पट झाला की विरोध साधारण चौपट होतो. या विरोधाला डॅम्पिंग म्हणतात. आपण त्याला तेलाचा आवर म्हणू.

आता गॅरेजातली ती परीक्षा आठवा. मेकॅनिक हँडल हाताने झपकन दाबतो. त्याला जे जाणवतं त्यात स्प्रिंग किती आणि तेल किती, हे वेगळं काढता येत नाही. दाट तेल टाकलं की हाताला घट्ट लागतं आणि गिऱ्हाईक खूश होतं. पण ताशी ५० किलोमीटरवरून दमदार ब्रेक मारला तर गाडी थांबायला तीनेक सेकंद जातात. तेवढ्या वेळात दाट तेलसुद्धा भोकांतून निघून जातं आणि गाडी स्प्रिंग जिथे थांबवेल तिथेच जाऊन थांबते. माझं पपया नर्सरीजवळ झालं ते नेमकं हेच.

हवा, तिसरा भिडू

तेलाच्या वर कोंडलेल्या हवेची गॅरेजात फारशी चर्चा होत नाही. सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने दाबून धरा आणि दांडा ढकला. सुरुवातीला सहज जातो, शेवटी दगडासारखा होतो. शॉकपमधली हवाही तशीच. सुरुवातीला तिचं अस्तित्व जाणवत नाही, शेवटच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये मात्र तीच तारते.

समजा शॉकप पूर्ण उघडा असताना हवेला १८० सीसी जागा आहे आणि पूर्ण दबल्यावर ६० सीसी उरते. म्हणजे हवेचा दाब तिप्पट झाला. आता तेल २० सीसी जास्त टाका. जागा १६० ची ४० होईल आणि दाब चौपट होईल. चार चमचे तेलाने एवढा फरक पडतो. म्हणून तेल अंदाजाने ओतणं हा खेळ नाही. आणखी ओतलं तर हवेला जागाच उरत नाही, तेल काही दबत नाही आणि मग सील फुटून ते बाहेर येतं.

शॉकपवर खापर फोडण्याआधी

हे पटकन उरकू, पण वगळू नका. पुढच्या टायरमधली हवा बघा. पाइपवर तेलाचा ओला कडा दिसतोय का बघा. असेल तर सील गेलेली आहे, आतलं तेल कमी झालेलं आहे आणि पुढची सगळी मोजमापं सील बदलल्यावरच करायची. ते तेल ओघळून ब्रेकच्या डिस्कवर किंवा टायरवर गेलं तर ब्रेक लागणार नाही, म्हणून ही गोष्ट पुढच्या रविवारवर ढकलायची नाही. पुढचा ब्रेक धरून गाडी मागेपुढे हलवा. हँडलच्या सांध्यात खट्ट लागलं तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, सैल आहे. खाली, पाइप आणि बॉटमच्या मध्ये लागलं तर आतले बुश, म्हणजे पाइपला सरळ सरकवणाऱ्या कड्या, झिजलेत. यांतलं काहीही असेल तर आधी त्याचं काम करा.

टेप घ्या आणि बैठक मोजा

स्वार बसल्यावर शॉकप जेवढा दबतो, त्याला सॅग म्हणतात. मला बैठक हा शब्द बरा वाटतो. चाक नुसतं वर उचलून चालत नाही, खड्ड्यात खाली उतरायलाही त्याला थोडी जागा लागते. म्हणून बैठक शून्य नको आणि फार खोलही नको. शॉकप पूर्ण उघडा असल्यापासून पूर्ण दबेपर्यंत जेवढा सरकतो, ती त्याची चाल. या एकूण चालीच्या पाव ते एक तृतीयांश एवढी बैठक रस्त्यावर चालवायच्या गाडीला योग्य मानतात. एकूण चाल १२० मिमी असेल तर ३० ते ४० मिमी.

मोजायला तीन माणसं लागतात. गाडी डबल स्टँडवर घ्या. एकाने मागून दाबलं की पुढचं चाक अधांतरी होतं. सीलच्या वरच्या कडेपासून खालच्या टी-पर्यंत, म्हणजे दोन्ही पाइप धरणाऱ्या खालच्या जोडापर्यंत, जेवढा चकचकीत पाइप दिसतो, तो मोजा. हा पहिला आकडा. पाइपवर रबरी बूट असतील तर ते आधी वर सरकवून घ्या.

मग स्टँड काढा. एकाने गाडी मागून सरळ धरायची आणि स्वाराने रोजच्यासारखं, दोन्ही पाय फूटरेस्टवर ठेवून बसायचं. हेल्मेट आणि पाठीवरची बॅग रोज असेल तर आत्ताही हवी. आता पुढचा भाग हलकेच दाबून सावकाश सोडा आणि तोच पाइप मोजा. मग हँडल थोडं वर उचलून सावकाश सोडा आणि पुन्हा मोजा. हे दोन आकडे वेगळे येतील, कारण सील आणि बुश यांचं घर्षण शॉकपला अधेमधे अडकवतं. दोन्हींची सरासरी घ्या आणि पहिल्या आकड्यातून वजा करा. ही तुमची बैठक.

त्या दोन आकड्यांतच एक सेंटिमीटरच्या वर फरक आला तर शॉकप मऊ नाही, चिकटतोय. पाइप वाकलेला असेल किंवा चाक बसवताना ऍक्सल तिरका आवळला असेल. ऍक्सलचा आणि मडगार्डचा बोल्ट सैल करून शॉकप चार वेळा दाबायचा आणि मग आवळायचा. कधी कधी एवढ्यानेच गाडी सुधारते.

माझ्या गाडीची बैठक ४८ मिमी निघाली. एकूण चाल १२०. म्हणजे नुसतं बसल्यावरच चाळीस टक्के चाल खर्च झालेली.

स्प्रिंग "मेली" म्हणजे काय झालं?

जुनी स्प्रिंग मऊ पडते असं सर्रास म्हणतात. बारकाईने पाहिलं तर तसं होत नाही. स्प्रिंग किती कडक, हे तिच्या तारेची जाडी, वेटोळ्यांचा व्यास, वेटोळ्यांची संख्या आणि पोलाद यांवर ठरतं. तीस वर्षांत यांतलं काही बदलत नाही. बदलते ती लांबी. वर्षानुवर्षं दाबाखाली राहून स्प्रिंग काही मिलिमीटर आखूड होते. कापसाच्या जुन्या गादीसारखं समजा, कापूस तोच असतो पण गादी बसलेली असते.

सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मोकळ्या स्प्रिंगची लांबी आणि किती आखूड झाल्यावर ती बदलायची ती मर्यादा दिलेली असते. काकांनी माझ्या दोन्ही स्प्रिंगा काढून मोजल्या. नव्यापेक्षा ९ मिमी आखूड होत्या, पण मर्यादेच्या आत होत्या. म्हणजे नवीन स्प्रिंग घ्यायची गरज नव्हती. गेलेली लांबी भरून काढली की पुरे.

नळीचा तुकडा काय करतो आणि काय करत नाही

पुष्कळ गाड्यांत स्प्रिंगच्या वर एक नळी असते आणि तिच्यावर पाइपचं झाकण आवळलेलं असतं. ही नळी लांब केली की झाकण बसवताना स्प्रिंग आधीच थोडी दाबली जाते. या आगाऊ दाबाला प्रीलोड म्हणतात. नळी १० मिमीने लांब केली की बैठक साधारण १० मिमीने कमी होते.

आता एक अंदाजी हिशोब करू, कारण इथे भल्याभल्यांची गल्लत होते. गाडी आणि स्वार मिळून १८० किलो. दोन्ही स्प्रिंगा मिळून १ मिमी दबायला १ किलो लागतो. मध्यम जोरात ब्रेक मारला, तर मागच्या चाकावरचं साधारण ४२ किलो वजन पुढच्या चाकावर येतं. हे वजन किती येणार ते ब्रेकचा जोर, गाडीची उंची आणि दोन चाकांमधलं अंतर यांवर ठरतं. शॉकपमध्ये काहीही बदललं तरी त्यात फारसा फरक पडत नाही. हवेचा वाटा सोडला, तर ४२ किलोने स्प्रिंग आणखी ४२ मिमी दबणार.

माझ्या गाडीत आधी ४८ मिमी बैठक होती. अधिक ४२, म्हणजे ९० मिमी. चाल उरली ३०. अशा वेळी चाक खड्ड्यात गेलं की शॉकप तळाला आपटणारच. नळी १२ मिमीने वाढवल्यावर बैठक झाली ३६. अधिक ४२, म्हणजे ७८. उरली ४२.

बघा, ब्रेक मारल्यावरची बसण ४२ ची ४२ च राहिली. प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही. तुम्ही पहिल्या मजल्यावरून उडी मारायचा ते आता दुसऱ्या मजल्यावरून मारताय, म्हणून जमीन लांब आहे. ४२ चा आकडाच कमी करायचा असेल तर कडक स्प्रिंग हवी. वरच्या हिशोबात एक किलोच्या जागी १.२ किलोची जोडी बसवली, तर बसण ३५ मिमीवर येते.

मग प्रीलोड वाढवतच नेलं तर? नाही. बैठक चालीच्या पाव हिश्श्याच्या खाली गेली की चाकाला खड्ड्यात उतरायला जागा राहत नाही. गाडी खड्ड्यावरून उड्या मारते आणि शॉकप वर येताना टक्क आवाज करून पूर्ण उघडतो. शिवाय स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना टेकायच्या आत शॉकपची सगळी चाल व्हायला हवी. वेटोळ्यांमधल्या फटींची बेरीज, वजा प्रीलोड, ही चालीपेक्षा जास्तच असली पाहिजे. नळी कापण्याआधी हे मोजून घ्या.

हे काम घरी करताना

झाकणाखाली स्प्रिंग दाबलेली असते. शेवटचा आटा सुटला की झाकण बंदुकीच्या गोळीसारखं उडतं. चेहरा बाजूला ठेवा, वरून जाड फडकं घ्या, तळहाताने घट्ट दाबत सावकाश सोडा. पुढचं चाक जमिनीवरून उचललेलं हवं आणि इंजिनाखाली लाकडी ठोकळ्याचा पक्का टेकू हवा. दोन्ही पाय एकदम सोडायचे नाहीत, एक पूर्ण करून दुसरा. काही गाड्यांत आट्यांच्या झाकणाऐवजी गुडदी, म्हणजे बूच, आणि तारेची कडी असते. तिथे एकट्याने हात घालू नका.

नळीसाठी जाड पीव्हीसी पाइप चालतो, पण तो दोन्ही टोकांना अगदी काटकोनात कापलेला हवा आणि स्प्रिंगच्या बाजूला पोलादी वॉशर हवा, नाहीतर तार पाइपला कातरत जाते. माझ्यासाठी काकांनी ऍल्युमिनियमच्या नळ्या लेथवर छाटून घेतल्या. सातपूर-अंबडच्या पट्ट्यात असं काम करून देणारी छोटी वर्कशॉपं गल्लोगल्ली आहेत, आणि एवढ्या कामाला मिसळीच्या दोन प्लेटांपेक्षा फार पैसे पडत नाहीत. मला यात नाशिकचा अभिमान वाटतो. जुनी गाडी जपणाऱ्याला मिलिमीटरच्या अचूकतेने काम करणारा माणूस इथे सायकलच्या अंतरावर मिळतो.

तेल कधी, कोणतं, किती

तेलावर राग धरू नका, त्याचं काम त्याला करू द्या. शॉकपचं तेलही जुनं होतं. त्यात बुशचा बारीक चुरा येतो, पावसाचं पाणी शिरतं आणि ते पातळ पडतं. माझ्या गाडीतून निघालेलं तेल करडं होतं आणि त्याला मासळीसारखा वास होता. इंजिनाचं ऑइल आपण आठवणीने बदलतो, शॉकपचं मात्र सील फुटेपर्यंत कुणी विचारत नाही.

तेल कमजोर झालंय की स्प्रिंग, हे ओळखायची खूण अशी. स्पीडब्रेकर उतरल्यावर पुढचा भाग दोन-तीनदा वरखाली डुलत राहिला तर तेलाचा आवर गेलाय. डुलत नाही पण खोल बसते, तर दोष स्प्रिंगच्या बाजूचा. सगळं ठीक, पण मोठ्या खड्ड्यात शेवटी धाडकन आपटते, तर तेलाची पातळी बघायची.

पहिल्यांदा बदलताना मॅन्युअलमध्ये सांगितलेल्याच दाटपणाचं तेल टाका. बऱ्याच जुन्या गाड्यांना १० डब्ल्यूच्या आसपासचं फोर्क ऑइल चालतं (आकडा जेवढा मोठा, तेवढं तेल दाट). ते घालूनही डुलणं राहिलं तर पुढचं एकच पाऊल, १५. थेट ३० किंवा इंजिनाचं दाट ऑइल नको. जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या पुस्तकांत शॉकपला एसएई २० इंजिन ऑइल लिहिलेलं सापडतं, आणि ती सवय आपल्याकडे अजून टिकून आहे. पण त्या शॉकपची भोकं त्या तेलासाठी बेतलेली होती.

दाट तेलाचा तोटा खाली जाताना तितका नाही, वर येताना जास्त जाणवतो. ओळीने पट्ट्या आल्या की पहिल्या धक्क्याने दबलेला शॉकप पूर्ण वर येण्याआधीच दुसरा धक्का बसतो, मग तिसरा. शॉकप दर धक्क्याला आणखी खाली अडकत जातो आणि शेवटी लोखंडी दांडीसारखा होतो. निफाडकडच्या कडाक्याच्या थंडीत सकाळी तर दाट तेल आणखी घट्ट होतं.

डबा विकत घेताना आणखी एक गोष्ट. फोर्क ऑइलवरचा १० डब्ल्यू हा आकडा सगळ्या कंपन्यांचा सारखा नसतो. डब्यावर किंवा माहितीपत्रकात ४० अंश सेल्सिअसला किती सेंटिस्टोक्स (हे दाटपणाचं माप), हा आकडा असतो. दोन डब्यांची तुलना त्यावरून करायची.

आणि माप. दोन्ही पायांत तेल अगदी सारखं हवं. निथळून काढलं तरी थोडं आत राहतंच, म्हणून सीसीच्या आकड्यापेक्षा पातळी मोजणं खात्रीचं. स्प्रिंग बाहेर काढून शॉकप पूर्ण दाबायचा, हलकेच पंप करून हवेचे बुडबुडे घालवायचे आणि पाइपच्या तोंडापासून तेलापर्यंतचं अंतर पट्टीने मोजायचं. औषधाच्या मोठ्या सिरिंजला बारीक नळी लावली की जास्तीचं तेल ओढून घेता येतं. शेवटचा दणका कमी करायचा असेल तर पातळी पाच मिलिमीटरने वाढवा, गाडी चालवून बघा, मगच पुढचे पाच.

"पण मऊ शॉकप आरामाचाच ना?"

तुमच्या गल्लीत, वीसच्या वेगाने, होय. पण बैठक खोल गेलेला शॉकप चालीच्या तळाशीच वावरतो आणि तिथे हवा आधीच कडक झालेली असते. म्हणजे मऊ शॉकप मोठ्या खड्ड्यात कडक शॉकपपेक्षा जास्त टोचतो. शिवाय गाडीचं नाक खाली गेलं की हँडलचा कोन उभा होतो आणि गाडी सरळ रेषेत राहायला कुरकुर करते. कसारा घाटात उतरताना, मागे कुणी बसलेलं असताना, ही चुळबुळ हातांना स्पष्ट कळते.

यातून एक वाईट सवय लागते आणि ती मला फार खटकते. पुढून बसते म्हणून लोक पुढचा ब्रेक वापरणंच सोडतात. ब्रेक मारल्यावर वजन पुढे येतं, म्हणून पकड पुढच्याच चाकाला असते. फक्त मागच्या ब्रेकवर गाडी जास्त अंतर घेते आणि मागचं चाक घसरतं. ओल्या डांबरावर हे जिवावर बेतू शकतं.

"मग कंपनीने चुकीचं दिलं होतं का?"

नाही. कंपनीने एक सरासरी स्वार डोळ्यांपुढे ठेवला. तुम्ही ५५ किलोचे असाल किंवा ९५ चे, कारखान्यातून नळी सारखीच येते. त्यात स्प्रिंग आखूड झाली, तेल पातळ झालं, हँडलजवळ भाजीच्या पिशव्या लटकायला लागल्या. दुधाचे कॅन वाहणाऱ्याची गाडी आणि कॉलेजला जाणाऱ्या मुलीची गाडी एकाच मापात बसणार नाही. हलक्या स्वाराने हे सगळं वाचून नळी वाढवली तर त्याची गाडी बिघडेल. त्याची बैठक बहुधा आधीच बरोबर असेल.

"त्यापेक्षा मोठ्या गाडीचा फोर्कच बसवला तर?"

तरुण मुलं हा प्रश्न फार विचारतात. जाड फोर्क दिसायला छान असतो. पण तो वेगळ्या वजनाच्या, वेगळ्या उंचीच्या गाडीसाठी बनलेला असतो. त्याची स्प्रिंग तुमच्या हलक्या गाडीला दबणारच नाही. नुसत्या नळीने नाक १० मिमी वर गेलं तरी हँडलचा कोन जवळपास अर्धा अंश बदलतो आणि तेवढाही हाताला कळतो. लांब फोर्क टाकल्यावर गाडी वळायला किती जड होईल, याचा यावरून अंदाज घ्या. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधन आहे. आपल्याच शॉकपमधली नळी, तेल, सील आणि मूळ मापाची स्प्रिंग ही दुरुस्ती झाली. अख्खा फोर्क बदलणं ही वेगळी गोष्ट आहे.

खरोखर आणखी पुढे जायचं असेल, तर आपल्या वजनाला योग्य अशी कडक स्प्रिंग शोधा. जुनी स्प्रिंग कापून ती कडक करता येते हे खरं आहे, कारण वेटोळी कमी झाली की स्प्रिंग कडक होते. पण कापलेलं टोक सपाट घासून बसवावं लागतं, गेलेली लांबी नळीने भरावी लागते आणि वेटोळी टेकण्याचा हिशोब नव्याने करावा लागतो. एकदा कापलं की परत जोडता येत नाही. माझं मत विचाराल तर आधी नळी आणि ताजं तेल, मग हजारेक किलोमीटर चालवा, मग ठरवा.

माझी गाडी आता

माझ्या गाडीत १२ मिमीच्या जादा नळ्या, नव्या सील आणि मॅन्युअलमधलंच १० डब्ल्यूचं तेल आहे. पातळीला हात लावला नाही. काकांनी डाव्या पाइपला प्लॅस्टिकची एक बारीक टाय बांधून ती सीलला टेकवून ठेवली. शॉकप जेवढा दबेल तेवढी टाय वर ढकलली जाते आणि तिथेच राहते, म्हणजे सर्वांत मोठा दणका किती होता त्याची खूण पाइपवर उरते.

पहिल्या रविवारी घोटीपर्यंत जाऊन आलो. वाटेत खराब पट्टे मुद्दाम टाळले नाहीत आणि दोनदा रिकाम्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारून पाहिले. घरी आलो तेव्हा काका अंगणातच होते. त्यांनी टेप लावली. टाय १०२ मिमीवर थांबली होती, १८ मिमी शिल्लक. त्यांनी आकडा माझ्या सर्व्हिसच्या वहीत तारखेसकट लिहिला आणि टाय बोटाने पुन्हा खाली सरकवून ठेवली.